बुवा सांगतात का, मत कुणाला द्यायचं?

चि. अर्णव,
अनेक आशीर्वाद.

मित्राच्या चर्चमध्ये निवडणुकीआधीच्या रविवारी उमेदवारांची माहितीपत्रकं वाटली, आणि आपले कीर्तनकार बुवाही असं करतात का, असं तू फोनवर विचारलंस. घाईत उत्तर द्यावंसं वाटेना, म्हणून लिहिते आहे.

इथे अमेरिकेत करमाफी घेणाऱ्या चर्चना उमेदवाराचा प्रचार करायला १९५४ मध्ये कायद्यानं बंदी आली. म्हणून त्या पत्रकात 'अमक्याला मत द्या' असं नसतं. गर्भपातावर कोण काय म्हणतो, तेवढं शेजारी शेजारी छापलेलं असतं. वाचणाऱ्याला काय ते कळतं.

१९७६ च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत बऱ्याच इव्हँजेलिकल मंडळींनी (बायबललाच प्रमाण मानणारे कडवे प्रोटेस्टंट ख्रिस्ती) डेमोक्रॅट कार्टरना मत दिलं होतं, कारण ते त्यांच्यातलेच. १९७९ मध्ये धर्मोपदेशक जेरी फॉलवेल यांनी 'मोरल मेजॉरिटी' ही संघटना काढली आणि पुढच्याच वर्षी गोरे इव्हँजेलिकल मोठ्या संख्येनं रिपब्लिकन रेगनकडे वळले. (कृष्णवर्णीय इव्हँजेलिकल बहुतेक डेमोक्रॅटांकडेच राहिले, हे विसरू नकोस.) पण रिपब्लिकन पक्षात त्यांचं वजन आलं ते नुसत्या मतांनी नाही. आपल्या आयोवातला रिपब्लिकन कॉकस, म्हणजे पक्षाचा अध्यक्षीय उमेदवार निवडायची स्थानिक सभा, आठव: कडाक्याची थंडी, तुझ्याच शाळेच्या जिममध्ये घडीच्या खुर्च्या, एकेक जण उठून आपल्या उमेदवाराबद्दल बोलतो, मग चिठ्ठ्या. अशा रात्री घराबाहेर पडतात थोडेच. चर्चवाले एकमेकांना गाडीत घालून आणतात. १९८८ मध्ये टीव्हीवरचे धर्मोपदेशक पॅट रॉबर्टसन इथे दुसरे आले, उपाध्यक्ष बुश तिसरे! तेव्हापासून या मतदारांना डावलून रिपब्लिकन उमेदवारी मिळवणं अवघड होऊन बसलं. २०१६ मध्ये दहातल्या सुमारे आठ गोऱ्या इव्हँजेलिकल मतदारांनी ट्रम्पना मत दिलं. ट्रम्पनी सर्वोच्च न्यायालयावर तीन न्यायमूर्ती नेमले आणि २०२२ मध्ये त्या न्यायालयाच्या निकालानं गर्भपाताचा घटनात्मक हक्क गेला. चाळीस वर्षांची चिकाटी आहे ती. मला तो निकाल अजिबात पटलेला नाही, पण त्या चिकाटीला कमी लेखू नये.

आता आपलं, महाराष्ट्रातलं. वारकऱ्याला दर रविवारी हजेरी नसते, सभासदांची यादी नसते. माळ घातली, वारी केली, झालं. दिंडीत पुढेमागे चालणारे दोघे वेगवेगळ्या पक्षांचे असू शकतात. आपल्याकडे पुढारीच विठोबाकडे येतात, आषाढीची शासकीय महापूजा मुख्यमंत्री करतात. हल्ली काही बुवा कीर्तनात राजकारण आणतात, तेही खरं.

मात्र धर्माच्या नावावर मत मागणं हा भारतात निवडणूक कायद्यानं भ्रष्ट आचार ठरतो. १९८७ च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीतल्या भाषणांमुळे बाळासाहेब ठाकऱ्यांचा मताधिकार १९९९ पासून सहा वर्षं गेला होता. मुंबईच्याच एका खटल्यात २०१७ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयानं मतदाराच्या धर्माच्या नावानं मत मागणंही त्यातच धरलं. तो निकाल चार विरुद्ध तीन असा लागला. विरोधातले तीन न्यायमूर्ती म्हणत होते, लोकांनी आपल्या जातिधर्मामुळे सोसलेलं बोलायचंच नाही का? मला त्यांचं म्हणणं जास्त पटतं. तुझं मत कळव.

तुझी,
आई