आतड्यातले पॉलिप: सांगली-साताऱ्याच्या वाचकांचे प्रश्न

प्रश्न (तासगाव): वडिलांच्या (वय ५६) मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीच्या तपासणीत (कोलोनोस्कोपीत) एक पॉलिप निघाला, तो त्याच वेळी काढला. रिपोर्टमध्ये ‘ट्युब्युलर अ‍ॅडेनोमा, लो ग्रेड डिस्प्लेसिया, ८ मिमी’ असं लिहिलंय. हा कॅन्सर आहे का? पुन्हा तपासणी कधी? आणि मी ३१ वर्षांचा आहे, मीही करून घेऊ का?

उत्तर: हा कॅन्सर नाही. मोठ्या आतड्याच्या अस्तरावर जो मांसल कोंब उगवतो तो पॉलिप. त्यातला अ‍ॅडेनोमा हा प्रकार पुढे बिघडू शकतो. बहुतेक अ‍ॅडेनोमा कधीच बिघडत नाहीत, आणि जे बिघडतात त्यांनाही साधारण दहा वर्षं लागतात. एवढा अवधी मिळतो म्हणून तर दुर्बिणीचा उपयोग. अमेरिकेतल्या ‘नॅशनल पॉलिप स्टडी’त १,४१८ रुग्णांचे अ‍ॅडेनोमा काढून पुढची काही वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. १९९३ साली आलेल्या निष्कर्षानुसार, तुलनेच्या गटांवरून जितके कॅन्सर व्हायला हवे होते त्यापेक्षा ७६ ते ९० टक्के कमी झाले.

अमेरिकी तज्ज्ञांच्या २०२० च्या शिफारशींप्रमाणे १० मिमीपेक्षा लहान असे एक-दोन साधे (तुमच्या वडिलांसारखे ‘ट्युब्युलर’, ‘लो ग्रेड’) अ‍ॅडेनोमा असतील तर पुढची तपासणी ७ ते १० वर्षांनी. तीन-चार असतील तर ३ ते ५ वर्षांनी. पाच ते दहा असतील, किंवा एखादा १० मिमी वा मोठा, ‘व्हिलस’ (बोटांसारख्या कोंबांचा) अथवा ‘हाय ग्रेड’ (पेशी जास्त बिघडलेला) असेल, तर ३ वर्षांनी. २० मिमी वा त्याहून मोठा पॉलिप तुकड्या-तुकड्यांनी काढला असेल तर सहा महिन्यांतच तीच जागा पुन्हा बघावी लागते.

ही मुदत मात्र तपासणी नीट झाली असेल तरच लागू. म्हणून रिपोर्टात तीन गोष्टी शोधा: दुर्बीण सीकमपर्यंत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीपर्यंत पोहोचली का, आतडं स्वच्छ होतं का, आणि पॉलिप पूर्ण निघाला का. तिसरी गोष्ट गृहीत धरू नका. २०१३ च्या एका अभ्यासात ५ ते २० मिमीचे पॉलिप काढल्यावर कडेच्या बायोप्सी घेतल्या, तेव्हा साधारण दहातल्या एकाचा अंश मागे राहिलेला दिसला. बायोप्सीचा कागद आणि दुर्बिणीचा रिपोर्ट एकत्र जपून ठेवा. पुढच्या डॉक्टरांना ते दोन्ही लागतात.

तुमच्याबद्दल: वडिलांचा पॉलिप लहान आणि साधा आहे, त्यामुळे तुमचा धोका वाढलेला धरत नाहीत. आई-वडील किंवा सख्ख्या भावंडांत कॅन्सर अथवा मोठा, बिघडलेला अ‍ॅडेनोमा सापडला असता तर चाळिशीत, किंवा त्यांच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षं आधी, यातलं जे लवकर येईल तेव्हा सुरुवात करायची. म्हणजे वडिलांना ४७ व्या वर्षी कॅन्सर झाला असता तर मुलाने ३७ व्या वर्षी.

प्रश्न (जत): मिरजेला दुर्बिणीसाठी दुपारी १२ ची वेळ होती. पहाटेची एसटी पकडायची म्हणून पोट साफ करायचं सगळं औषध आदल्या संध्याकाळी संपवलं, दिवसभर उपवासाचंच खाल्लं. तरी ‘तयारी अपुरी, पुन्हा या’ असं सांगितलं. चूक काय झाली?

उत्तर: दोन चुका झाल्या, आणि दोन्ही फार लोकांकडून होतात.

पहिली उपवासाच्या पदार्थांची. साबुदाण्याची खिचडी आपल्याला हलकी वाटते, पण तिच्यातलं शेंगदाण्याचं कूट आणि लाडवातला राजगिरा आतड्याच्या घड्यांत दाण्यादाण्याने चिकटून बसतात. दुर्बिणीच्या नळीतून ते ओढायला गेलं की नळीच तुंबते. दोन-तीन दिवस आधीपासून शेंगदाणे, तीळ, पालेभाज्या, भाकरी, सालीची कडधान्यं, पेरू, डाळिंब, वांगी, टोमॅटो, बेदाणे बंद ठेवायचे. मऊ भात, रव्याचा उपमा, साधी इडली, साल-बी नसलेला उकडलेला बटाटा चालतो. आदल्या दुपारनंतर फक्त पारदर्शक द्रव: गाळलेलं लिंबू सरबत, शहाळ्याचं पाणी, कोरा चहा. दूध-ताक नको. कोकम सरबतही नको, त्याचा लाल रंग आत रक्तासारखा दिसतो.

दुसरी चूक वेळेची. औषध रात्री संपलं तरी लहान आतड्यातून पित्तमिश्रित चिकट द्रव पुढे येतच राहतो आणि सकाळपर्यंत मोठ्या आतड्याच्या उजव्या भागावर त्याचा थर बसतो. चपटे पॉलिप नेमके तिथेच लपतात. म्हणून औषध दोन भागांत घ्यायचं: अर्धं आदल्या संध्याकाळी, अर्धं तपासणीच्या ४ ते ६ तास आधी सुरू करून किमान २ तास आधी संपवायचं. दर १०-१५ मिनिटांनी एक मोठा पेला. मळमळलं तर अर्धा तास थांबा, पण सोडू नका. शेवटी शौचाला लघवीसारखं पिवळसर, पारदर्शक पाणी यायला हवं. गढूळ येत असेल तर निघण्याआधी दवाखान्यात फोन करा.

जतहून हे एसटीत बसून जमणार नाही. आदल्या रात्री मिरजेत पाहुण्यांकडे मुक्काम करा, नाहीतर दुपारी उशिराची वेळ मागून घ्या. लोहाच्या गोळ्या आठवडाभर आधी थांबवतात. मधुमेहाच्या आणि रक्त पातळ करण्याच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारूनच ठरवा. किडनीचा त्रास असेल तर तेही आधी सांगा, कारण काही जुलाबाची औषधं अशा रुग्णांना धोक्याची असतात.

प्रश्न (कराड): अधूनमधून शौचातून रक्त पडतं, मूळव्याध आहेच. वय ५२. दुर्बिणीऐवजी शौचाची ‘फिट’ चाचणी चालेल का?

उत्तर: तुम्हाला नाही. फिट चाचणी डोळ्यांना न दिसणारं रक्त शोधते. तुम्हाला ते दिसतंच आहे, तर दुर्बीणच करा. मूळव्याध आहे म्हणून वर दुसरं काही नाही असं होत नाही, आणि ‘मूळव्याधच आहे’ म्हणत काढलेली वर्षं फार महागात पडतात.

काहीच त्रास नसलेल्यांना मात्र फिट उपयोगी आहे. २०१४ च्या एका मोठ्या अभ्यासात एकाच चाचणीने ७४ टक्के कॅन्सर पकडले, पण मोठे किंवा बिघडू लागलेले पॉलिप जेमतेम २४ टक्के. म्हणून ती दरवर्षी किंवा वर्षाआड करायची असते, आणि पॉझिटिव्ह आली की दुर्बीण टाळायची नसते. भारतीय पद्धतीच्या संडासात नमुना पाण्यात पडतो आणि वाया जातो, तेव्हा खाली कागद अंथरा. काडीने चार-पाच ठिकाणी खरवडा, काडीच्या खाचा भरतील एवढंच घ्या. उन्हाळ्यात नमुन्याची बाटली गाडीच्या डिकीत ठेवू नका: उष्णतेने हिमोग्लोबिन फुटतं आणि चाचणी खोटीच निगेटिव्ह येते.

प्रश्न (सातारा): युरोपातल्या अभ्यासात दुर्बिणीचा फारसा उपयोग दिसला नाही असं वाचलं. खरं आहे का?

उत्तर: आकडा खरा आहे, अर्थ अर्धवट आहे. पोलंड, नॉर्वे आणि स्वीडनमधल्या ८४,५८५ लोकांचा हा अभ्यास २०२२ मध्ये आला. दहा वर्षांत आतड्याच्या कॅन्सरचा धोका दुर्बिणीसाठी बोलावलेल्या गटात ०.९८ टक्के, न बोलावलेल्यांत १.२० टक्के, म्हणजे १८ टक्क्यांनी कमी. पण बोलावलेल्यांपैकी ४२ टक्केच प्रत्यक्ष आले. सगळे आले असते असं धरून हिशेब केला तर घट सुमारे ३१ टक्के निघते. मृत्यूंमधला फरक दहा वर्षांत स्पष्ट झाला नाही, हेही नोंदवलं पाहिजे.

तपासणारा हातही मोजला पाहिजे. २००६ च्या एका अभ्यासात दुर्बीण बाहेर घेताना सरासरी ६ मिनिटं किंवा जास्त वेळ देणाऱ्या डॉक्टरांना २८ टक्के लोकांत अ‍ॅडेनोमा सापडले, घाई करणाऱ्यांना १२ टक्क्यांत. २०१४ मध्ये तीन लाखांहून अधिक तपासण्यांवरून दिसलं की डॉक्टरांचं अ‍ॅडेनोमा सापडण्याचं प्रमाण १ टक्क्याने वाढलं की रुग्णांना पुढे कॅन्सर होण्याचा धोका ३ टक्क्यांनी घटतो. आपल्याकडे अ‍ॅडेनोमाच कमी आढळतात, त्यामुळे तिकडचे आकडे इथे कसोटी म्हणून लावू नयेत. ‘बाहेर घेताना किती मिनिटं बघता?’ हे मात्र जरूर विचारा. यात डॉक्टरांचा अपमान नाही.

प्रश्न (कोरेगाव): चार वर्षांच्या मुलीला शौचानंतर रक्त येतं, दुखत नाही.

उत्तर: या वयात हे बहुधा ‘जुवेनाइल पॉलिप’ने होतं. तो सहसा एकच असतो, गुदद्वारापासून फार लांब नसतो, आणि एकटा असेल तर कॅन्सरची भीती जवळपास नसते. बालरोगतज्ज्ञांना दाखवा. दुर्बिणीतून तो काढला की रक्त थांबतं.

प्रश्न (सांगली): हळद, भाकरी किंवा अ‍ॅस्पिरिनने पॉलिप टळतात का?

उत्तर: हळदीची परीक्षा झाली आहे. वंशपरंपरेने आतड्यात शेकडो पॉलिप होणाऱ्या आजाराच्या ४४ रुग्णांपैकी काहींना रोज ३ ग्रॅम कर्क्युमिन, काहींना औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळ्या असं वर्षभर दिलं. २०१८ च्या निष्कर्षात पॉलिपची संख्या आणि आकार, दोन्हींत फरक नव्हता. आणि ३ ग्रॅम कर्क्युमिन म्हणजे साधारण १०० ग्रॅम हळद! फोडणीतली चिमूट चवीसाठी घाला, कर्क्युमिनच्या महागड्या गोळ्या नकोत. त्यांनी क्वचित यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

भाकरी खाच, पण चोथायुक्त, कमी चरबीचा आहार चार वर्षं देऊनही काढलेले अ‍ॅडेनोमा पुन्हा होण्याचं प्रमाण घटलं नाही, असं २००० सालच्या मोठ्या चाचणीत दिसलं. भाकरीच्या भरवशावर तपासणी चुकवू नका. विडी-सिगारेट आणि दारू सोडणं, वजन आवरणं याला मात्र आधार भक्कम आहे.

अ‍ॅस्पिरिनचा परिणाम खरा आहे. २००३ च्या चाचणीत रोज ८१ मिलिग्रॅम घेणाऱ्यांत ३८ टक्क्यांना पुन्हा अ‍ॅडेनोमा झाले, न घेणाऱ्यांत ४७ टक्क्यांना. पण तीच गोळी जठरात रक्तस्राव करते. ‘लिंच सिंड्रोम’ (आतड्याच्या कॅन्सरचा धोका वाढवणारा आनुवंशिक दोष) असलेल्या घराण्यांत ती डॉक्टर विचारपूर्वक देतात. इतरांनी केवळ पॉलिपसाठी मेडिकलमधून आणून सुरू करू नये. हृदयासाठी आधीच चालू असेल तर दुर्बिणीच्या भीतीने आपल्या मनाने बंदही करू नये.