ऑफिस आणि घर, दोन्हीसाठी एकच फोन घ्यायचा तर काय बघावं?

मेगापिक्सेल नंतर, आधी सिमचा ट्रे बघा. बऱ्याच स्वस्त फोनमध्ये तो हायब्रिड असतो: दुसऱ्या खाचेत एक तर सिम, नाही तर मेमरी कार्ड. दोन नंबर वापरायचे म्हटलं की कार्ड गेलंच. म्हणून स्टोरेज २५६ जीबी घ्या; ऑफिसच्या पीडीएफ आणि घरच्या ग्रुपवरचे 'शुभ सकाळ' मिळून १२८ कधी भरतं कळत नाही. रॅम ८ जीबी पुरते.

दोन व्हॉट्सॲपसाठी क्लोन ॲपची (ॲपची दुसरी प्रत बनवणाऱ्या ॲपची) गरज नाही. २०२३ पासून ॲन्ड्रॉइडवर एकाच ॲपमध्ये दोन खाती चालतात.

ऑफिसचं मेल टाकण्याआधी आयटीवाल्यांना विचारा, 'वर्क प्रोफाइल', म्हणजे फोनमध्ये कामाच्या ॲपचा वेगळा कप्पा, आहे का? त्यात कामाच्या ॲपवर छोटीशी ब्रीफकेस दिसते आणि नोकरी सोडल्यावर कंपनी तेवढाच भाग पुसते. त्याऐवजी ऑफिसच्या ॲपला 'डिव्हाइस ॲडमिन' म्हणून, म्हणजे अख्ख्या फोनवर ताबा देऊन, डेटा पुसायची परवानगी दिलीत, तर घरच्या फोटोंसकट अख्खा फोन कोरा होऊ शकतो.

एका सिमवर बोलत असताना दुसरा नंबर बहुधा लागत नाही. साहेबांचा कॉल चुकू नये, तर दोन्ही सिमवर 'संपर्काबाहेर असताना' कॉल एकमेकांवर फॉरवर्ड करा आणि कॉल वेटिंग चालू ठेवा.