साडी नेसायची की घालायची?

धरमपेठेतल्या एका वाचक मैत्रिणीचा प्रश्न आहे. ती जाहिरातीच्या क्षेत्रात काम करते. नागपुरातले डिझायनर, छायाचित्रकार आणि लघुपट करणारी मंडळी सिव्हिल लाइन्समध्ये एका संध्याकाळी भेटणार आहेत. त्याच्या निमंत्रणात तिनं लिहिलं, 'साडी, धोतर, जंपसूट, आवडेल ते घालून या.' एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी 'साडी'खाली रेघ ओढली : साडी नेसतात, घालत नाहीत. तिचं विचारणं असं, की हा आग्रह आता जुनाट झालाय का? आणि शिवलेली तयार साडी मिळते, तिला कोणतं क्रियापद लावायचं?

आग्रह मुळीच जुनाट नाही. 'नेसणे' आलंय संस्कृत 'नि' आणि 'वस्' यांपासून. वस्त्र आणि वसन यांतला 'वस्' तोच. मराठीत त्याचा अर्थ फार नेमका झाला. न शिवलेलं कापड कमरेभोवती गुंडाळायचं, निऱ्या काढायच्या, खोचायचं आणि अंगावर बसवायचं, हे सगळं मिळून नेसणं. म्हणून साडी, लुगडं, धोतर, पंचा, सोवळं नेसतात. 'घालणे' हे प्राकृत 'घल्ल'वरून, म्हणजे टाकणे. शिवलेल्या कपड्याला आकार आधीच असतो, आपण त्यात हातपाय घालतो. नेसताना आकार आपण देतो. एवढा मोठा फरक एका शब्दात मावतो, म्हणून मला तो सोडवत नाही.

आणि या दोनावरच भागत नाही. फेटा बांधतात, ओढणी घेतात, शाल पांघरतात, गजरा माळतात, काजळ घालतात, दागिने पूर्वी लेत असत. प्रत्येक क्रियापदात हाताची वेगळी हालचाल दिसते. गंमत म्हणजे नऊवारी नेसतात, पण तिचा कासोटा मात्र घालतात.

नागपुरात 'साडी घातली' जास्त ऐकू येतं याचं एक कारण हिंदीचा शेजार. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हे शहर मध्य प्रदेशाची राजधानी होतं; हिंदी इथं बाजारात, कचेरीत, घराशेजारी पूर्वीपासून आहे. हिंदीत साडी, कुर्ता, चप्पल, अंगठी, सगळ्यांना 'पहनना' चालतं. पण सगळा दोष तिच्यावर टाकू नये. पुण्या-मुंबईतही 'घालणे' पसरतंय, कारण साडी नेसणंच सणासमारंभापुरतं उरलंय. कृती विरळ झाली की तिचं क्रियापदही विरळ होतं.

आता शिवलेली साडी. निऱ्या आधीच शिवलेल्या, बाजूला चेन किंवा हूक, दोन मिनिटांत अंगावर. इथं माझं मत स्पष्ट आहे : ही घालायची. शिवलेली नऊवारीही घालायची, धोती पँटही. यात कमीपणा काही नाही; शब्द कपड्याच्या नावावरून ठरत नाही, तो अंगावर कसा येतो त्यावरून ठरतो. उलट अशा मेळाव्यांतले नवे पेहराव पाहिले की दोन्ही क्रियापदांची गरज अधिकच पटते. कुणी ब्लाउजऐवजी पांढरा शर्ट घालते आणि त्यावर कोसा रेशमाची करवतकाठी नेसते. (काठावर करवतीसारखे दाते विणलेली ही साडी आपल्या विदर्भातल्या मागावरची.) 'शर्ट आणि करवतकाठी घातली' म्हटलं तर त्या वेशातली सगळी कल्पकताच वाक्यातून निघून जाते.

तुमच्या क्षेत्रात आणखी एक शब्द रुळलाय : ड्रेपिंग. मॉडेलला साडी ड्रेप केली, असं सर्रास म्हणतात. त्याला मराठीत 'नेसवणे' आहे, मुलीला पहिली साडी आई नेसवते तोच. चित्रीकरणाच्या श्रेयनामावलीत 'साडी नेसवणी : अमुक' असं लिहिलेलं मला फार आवडेल.

निमंत्रणात एकच क्रियापद सगळ्यांवर ओढायचं कारण नाही. क्रियापद टाळायचंच असेल तर 'पेहराव तुमच्या मनासारखा' एवढं पुरे. 'पोशाख'ही चालेल, तो फारसीतून आलेला, पण घरचाच झालेला. मला विचारशील तर मी लिहीन : 'साडी नेसून या, जंपसूट घालून या, फेटा बांधून या.'