वाचकांचे प्रश्न : एकाच गेटातून तीस-पस्तीस वर्षं

मागच्या अंकात आम्ही लिहिलं होतं की एकाच कंपनीत, खदानीत नाहीतर मिलमध्ये जिंदगी काढलेल्या लोकांनी आपले प्रश्न पाठवावे. भरपूर आले. पोस्टकार्डं आली, व्हॉट्सॲपवर आवाजी मेसेज आले, एका आजीनं तर नातीच्या हातून लिहून घेतलं. जागेपुरते पाच घेतले आहेत. नावं छापत नाही, तालुका तेवढा सांगते.

प्रश्न : ताई नमस्कार. मी मॉईल या मँगनीज कंपनीच्या चिखला खदानीतून ब्लास्टर, म्हणजे सुरुंग उडवणारा, म्हणून रिटायर झालो, ३३ वर्षं अंडरग्राउंड. आता गावच्या शाळेतल्या मास्तरांनी बोलावलं आहे, पोट्ट्यांसमोर तुमच्या नोकरीबद्दल बोला म्हणे. घरी विचारलं काय बोलू, तर माझा पोरगा पुण्यात आहे, सहा वर्षांत तिसरी कंपनी, तो म्हणते बाबा तुम्ही तर रोज तेच केलं, खाली गेले अन् वर आले. मले बी तसंच वाटते आता. सांगण्यासारखं काय आहे? (तुमसर तालुका)

उत्तर : काकाजी, भरपूर आहे, आणि शाळेत नक्की जा. फक्त "मी इमानदारीनं काम केलं" असं भाषण करू नका, पोरांना त्यातून काहीच कळत नाही. काम सांगा. फेसवर, म्हणजे जिथं दगड फोडायचा त्या जागी, गेल्यावर सगळ्यात आधी वरचा दगड सब्बलनं ठोकून पाहायचा, पक्का असला तर खणखण आवाज येते आणि सुटलेला असला तर भदभद, आणि हे कानानं ओळखायला किती वर्षं लागले ते सांगा. बार, म्हणजे सुरुंग, किती लावले आणि किती उडाले हे मोजायचं, एक कमी ऐकू आला तर कोणालाच पुढे जाऊ द्यायचं नाही, साहेब कितीही घाईत असो. धूर निघेपर्यंत थांबायचं. मायनिंग मेटचं आणि ब्लास्टरचं सर्टिफिकेट परीक्षा दिल्याशिवाय भेटत नाही हेही सांगा, कारण पोरांना वाटते खदान म्हणजे नुसतं अंगमेहनतीचं काम. तुमच्या एका "थांबा" वर किती घरचे लोक संध्याकाळी जेवायला घरी गेले याचा हिशोब कोणी ठेवला नाही, पण ते झालं आहे आणि ते तुम्ही केलं आहे.

मग कंपनीचं सांगा. १८९६ ला सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट म्हणून हे काम सुरू झालं, नंतर तिचंच नाव सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओर कंपनी, म्हणजे सीपीएमओ झालं, इंग्रजांची कंपनी. १९६२ ला मॉईल बनली तेव्हा ५१ टक्के केंद्र सरकार, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांचे आणि ४९ टक्के त्या जुन्या कंपनीचेच होते, ते १९७७ ला सरकारनं घेतले, आणि २०१० च्या डिसेंबरात कंपनी शेअर बाजारात आली. म्हणजे तुम्ही नवीन लागले तेव्हा ज्या मिस्तरीनं तुम्हाला हाताशी धरून शिकवलं त्यानं सीपीएमओचे दिवस पाहिले असतील, आणि तुम्ही शिकवलेले पोरं आज तिथं ड्युटी करून राहिले. मालक तीनदा बदलला पण दगड ठोकून पाहायची विद्या माणसाकडून माणसाकडेच गेली. शाळेतल्या पोरांना हेही माहीत नसते की एक टन पोलाद करायला साधारण १० किलो मँगनीज लागते, आणि आपल्या डोंगरी बुजुर्ग खदानीचा मँगनीज डायऑक्साइड बॅटरीच्या सेलात जाते. घरच्या टॉर्चपासून रेल्वेच्या रुळापर्यंत तुमच्या तालुक्याची माती पोहोचली आहे.

आणि पोराचं मनावर घेऊ नका. त्याला खाली कधी नेलं नाही ना कोणी, त्याला दिसलं फक्त तुम्ही सायकलनं जाताना आणि येताना. शाळेतलं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करून त्याला पाठवा. रागानं नाही, माहितीसाठी.

प्रश्न : मी आयटीआय फिटर, २४ वर्षांचा. एका फॅक्टरीत दोन वर्षाच्या करारावर आहो, पुढे वाढवतील की नाही पक्कं नाही. माझे बाबा ३१ वर्षं एकाच सूतगिरणीत होते, ते रोज म्हणतात टिकून राहा, आजकालच्या पोट्ट्यांत दमच नाही. मले टिकायचं आहे पण टिकू देते कोण? (हिंगणघाट तालुका)

उत्तर : बाळा, या प्रश्नावर मला थोडं जास्त बोलायचं आहे, बाबांना पण वाचून दाखव.

लोक एका जागी का टिकतात याचं उत्तर नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये आहे. जमशेटजी टाटांची ही मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली, नागपूर काहून निवडलं तर वऱ्हाडचा कापूस जवळ, वरोऱ्याचा कोळसा जवळ आणि रेल्वे आलेली. पण मशीन बसल्या आणि माणसं टिकेनात. शेतीचा हंगाम आला, लग्नसराई आली, की निम्मं लक्ष गावाकडे, रोजच मोठी गैरहजेरी असायची. तेव्हाच्या मॅनेजरांनी, बेझनजी दादाभाई मेहता त्यांचं नाव, लोकांना आळशी म्हणून शिव्या देत बसण्यापेक्षा टिकायला कारणं दिली. १८८६ ला कामगारांसाठी फंड सुरू झाला, १८९५ ला अपघाताची भरपाई, बक्षिसं, खेळांचे दिवस. तेव्हा असा कोणताच कायदा नव्हता, भरपाईचा कायदा १९२३ चा आणि पीएफचा १९५२ चा. आणि मग त्याच नागपुरात घरंच्या घरं झाली जिथं आजा, बाप आणि नातू एकाच मिलमध्ये लागले.

म्हणजे दम हा काही रक्तात येत नाही. बाबांच्या पिढीजवळ दम होता हे खरं, मी ते डोळ्यानं पाहिलं आहे, रातपाळी करून सकाळी वावरात जाणारे लोक होते ते. पण त्यांच्या दमाला परमनंटचा कागद, पीएफ, क्वार्टर आणि दवाखाना यांचा आधार होता. तुला अकरा महिन्याचा नाहीतर दोन वर्षाचा करार देतात आणि वरून निष्ठा मागतात हे बरोबर नाही, असं मी स्पष्ट लिहिते. आणि दुसरी बाजू पण बाबांना सांग, एम्प्रेस मिलसुद्धा शेवटी १९८६ ला राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ ला बंद पडली. जे टिकले त्यांनाही मिल टिकवता आली नाही.

तर तू काय करायचं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन कामगार संहिता लागू झाल्या, त्यात ठरावीक मुदतीच्या करारावरच्या माणसाला पाच नाही, एकाच वर्षाच्या नोकरीवर प्रमाणात ग्रॅच्युइटी आहे आणि नेमणुकीचं पत्र देणं बंधनकारक आहे. तुझ्याजवळ पत्र नसेल तर लेखी माग. करार संपताना ग्रॅच्युइटीचा हिशोब माग. आणि फिटरचं काम असं शीक की तू गेल्यावर लाइनला तुझी आठवण यावी, मग कंपनी एक असो की चार.

प्रश्न : सिमेंट फॅक्टरीत लोडिंगवर १९ वर्षं झाले. ठेकेदार चार बदलले, काम तेच, गेट तेच, सायेब बी तेच. दरवेळी नवीन ठेकेदार आला की जुना पीएफ काढून घ्या म्हणते. आम्ही काढला बी दोनदा. आता कोणी म्हणते पेन्शन भेटणार नाही. आमचे १९ वर्षं कुठं गेले ताई? (कोरपना तालुका)

उत्तर : भाऊ, तुमच्या अंगात आणि त्या गोदामात तुमचे १९ वर्षं आहेत, पण पीएफच्या हिशोबात किती आहेत ते पाहावं लागेल, आणि मी खोटी आशा देणार नाही.

पेन्शनला एकूण १० वर्षं लागतात. ठेकेदार कितीही बदलले तरी वर्षं जोडली जातात, पण पेन्शनचा पैसा काढला नसेल तरच. पीएफ काढताना त्यासोबत पेन्शनचा पैसा पण काढला, म्हणजे १० सी फॉर्म भरून, तर तेवढी वर्षं पेन्शनमधून गेली. नुसता पीएफच काढला असेल आणि पेन्शनचा भाग तसाच असेल तर ती वर्षं शिल्लक आहेत. म्हणून आधी पासबुक काढा, सगळ्या ठेकेदारांचे नंबर एकाच यूएएनमध्ये, म्हणजे पीएफच्या कायमच्या नंबरात, आहेत का पाहा, आणि जॉइनिंगची आणि सोडल्याची तारीख, नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख आधारसारखी आहे का ते तपासा. मी युनियनच्या ऑफिसात वर्षानुवर्षं हेच फॉर्म भरले, अर्ध्याच्या वर अर्ज बापाच्या नावातल्या एका काना-मात्रेवर अडतात. दर महिन्याच्या २७ तारखेला पीएफवाल्यांचा "निधी आपके निकट" कॅम्प जिल्ह्यात लागते, चंद्रपूरचं ठिकाण विचारून घ्या आणि एकटे जाऊ नका, तुमच्यासारखे दहा-बारा जण मिळून जा, म्हणजे त्याच टेबलावर सगळ्यांचं होते. एखाद्या ठेकेदारानं पगारातून कापून भरलंच नसेल तर मुख्य कंपनीवरही जबाबदारी येते, म्हणून पगाराच्या चिठ्ठ्या, गेटपास, जुने बिल्ले, काही म्हणता काही फेकू नका. ग्रॅच्युइटीसाठी हेच कागद घेऊन युनियनच्या वकिलाला भेटा, तो मामला प्रत्येकाच्या कागदावर ठरते.

आणि इथून पुढे ठेकेदार बदलला की काढायचं नाही, ट्रान्सफर करायचं. सोबतच्या पोरांना हे आजच सांगा.

पेन्शन बसली तरी किती बसते हेही माहीत असू द्या, पेन्शनपात्र पगार गुणिले वर्षं भागिले ७०, असं सूत्र आहे. कमीत कमी १,००० रुपये, तेही सप्टेंबर २०१४ पासून. एवढ्यात गॅस सिलिंडर येऊन महिन्याची गोळी येत नाही. आपल्याच बुलढाण्यात ईपीएस-९५ वाले, म्हणजे पीएफच्या याच पेन्शन योजनेतले, म्हातारे लोक डिसेंबर २०१८ पासून साखळी उपोषणाला बसले, ७,५०० मागून राहिले. त्यात मिलवाले आहेत, एसटीवाले आहेत, सहकारी संस्थांतले आहेत. ज्या लोकांनी ३०-३० वर्षं दिले त्यांना हे मागावं लागते याचं मला फार वाईट वाटते.

प्रश्न : आमचे हे कोळशाच्या खदानीतून रिटायर झाले. अजून पहाटे चारला उठतात, डबा भरून दे म्हणत नाहीत एवढंच, चहा घेऊन फाटकाजवळ उभे राहतात. टीव्ही एवढ्या मोठ्यानं लावतात की शेजारी बोलतात. चिडचिड वाढली आहे. (वणी तालुका)

उत्तर : वहिनी, टीव्हीचं आधी घ्या. मशीनच्या आवाजात इतकी वर्षं काम केलेल्या माणसाचे कान हळूहळू जातात आणि त्याला स्वतःला कळत नाही, त्याला वाटते बाकीचेच लोक पुटपुटतात, आणि चिडचिड त्यातूनच येते पुष्कळदा. कानाची तपासणी करून घ्या, सोबत छातीचा एक्स-रे पण. रिटायर लोकांच्या मेडिकल स्कीमचं कार्ड काढलं नसेल तर ते आधी, आणि पेन्शनसाठी हयातीचा दाखला दरवर्षी वेळेवर. झोपेचं म्हणाल तर पाळ्या बदलून बदलून जे शरीर घडलं ते लवकर सुटत नाही, त्यांना झोपा म्हणू नका, चारला उठू द्या. पण त्या वेळेला काम द्या. गावातला मोटरपंप, नळयोजनेचा व्हॉल्व्ह, वावरातलं ओलीत, मशीन ओळखणारा माणूस गावाला लागतेच. सरपंचाशी तुम्हीच बोला, ते स्वतःहून बोलणार नाहीत.

प्रश्न : माहा जनम मँगनीजच्या ढिगावर गेला माय. २६ वर्षं माल निवडला, हातोडीनं गिट्टी फोडली. रिटायर झालेल्या माणसाईचे सत्कार होते, आमाले कोनी बोलावत नाही, बाया त वरच होत्या म्हनते. आमाले खाली जाऊ देत नव्हते. आता नात दहावीत आहे, मायनिंगचा डिप्लोमा करतो म्हनते. बाया जाऊ शकते काय खाली? नातीच्या हातानं लिहून रायली. (रामटेक तालुका)

उत्तर : मावशी, जाऊ शकते. तुम्हाला जाऊ दिलं नाही कारण १९५२ च्या खाण कायद्यातच बायांना जमिनीखाली काम करायला मनाई होती. जानेवारी २०१९ मध्ये सरकारनं ते बदललं, तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या कामावर बायांना सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळेत खाली जाता येऊ लागलं, तेव्हाच्या नियमात बाईची लेखी संमती लागायची आणि एकटीला पाठवायचे नाहीत, कमीत कमी तिघी सोबत लागायच्या. नोव्हेंबर २०२५ पासून त्या जुन्या कायद्याच्या जागी नवीन कामगार संहिता आली, त्यात बायांना सगळ्या प्रकारच्या कामाला परवानगी आहे. तुमची नात डिप्लोमा करून बरोबर त्याच कामात जाईल.

आणि "बाया त वरच होत्या" असं जे म्हणतात त्यांना मी इथून उत्तर देते. खालून जो माल येतो त्यात खनिज असते, सोबत पांढरी गार असते, गोंडाइटचा दगड असते. कोणता तुकडा चांगला आणि कोणता फेकायचा हे आधी बायांच्या हातानं ठरायचं, हातात वजन घेऊन आणि फोडलेल्या बाजूचा रंग पाहून, उन्हात बसून, लेकरू झाडाखाली निजवून. मालाचा ग्रेड त्यावर ठरायचा आणि ग्रेडवर भाव. ब्लास्टरनं पाडलं, गाडी ढकलणाऱ्या ट्रामरनं आणलं, पण विकण्याजोगं तुम्ही केलं. सत्कार घेणाऱ्यांनी पुढच्या वेळी तुमच्यासाठी पण खुर्ची मांडावी, हा अंक त्यांच्यापर्यंत जाईल याची व्यवस्था आम्ही करतो.

नातीला सांगा, नागपूरच्या शासकीय तंत्रनिकेतनात मायनिंगचा डिप्लोमा आहे, दहावीनंतर, आणि पुढे शिकायचं असेल तर नागपूरच्याच व्हीएनआयटीत मायनिंगची इंजिनिअरिंग आहे. डिप्लोमाला दहावीचे मार्क पाहतात. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल हे निकालाची वाट न पाहता आत्ताच तहसीलमध्ये टाकून द्या, जूनमध्ये तिथं पाय ठेवायला जागा नसते. आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तिला तुमच्यासोबत बसवून दगड ओळखायला शिकवा, कॉलेजात नमुने ओळखायची परीक्षा असते, त्यात ती पुढे राहील.