पाठांतर पहिल्या प्रश्नापर्यंतच पुरतं

प्रिय दोस्ता,
सप्रेम सलाम.

तुझा मेल वाचला. अमेरिकेत प्रोव्होला आपल्या लॅटर-डे सेंट्स (मॉर्मन) चर्चच्या मिशनरी ट्रेनिंग सेंटरला जाऊन थोडेच आठवडे झालेत, मँडरिनमध्ये, म्हणजे चिनी भाषेत, प्रार्थना करता येते, श्रद्धेची साक्ष देता येते, स्वतःची ओळख तर झोपेतही सांगशील, आणि तरी रोल-प्लेमध्ये समोरच्याने साधा एक प्रश्न विचारला की डोकं एकदम ब्लँक होतं असं लिहिलंयस. अरे, बरं झालं की हे तुला आत्ताच कळलं, बऱ्याच जणांना ते तैवानमध्ये उतरल्यावर कळतं आणि तेव्हा समोर टीचर नसतो, खरा माणूस असतो.

एक आकडा सांगतो, म्हणजे स्वतःवर उगाच चिडणार नाहीस. अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या अधिकाऱ्यांना मँडरिन कामापुरती यायला साधारण २२०० तास क्लासचे धरतं. तुझ्याकडे सेंटरमध्ये त्याच्या आसपाससुद्धा तास नाहीत. म्हणून तर तिथे पाठांतरावर एवढा भर असतो आणि तो बरोबरच आहे, पहिल्याच दिवशी तोंड उघडायला लावतात त्याचा मोठा फायदा होतो. पण पाठ केलेलं बोलायला लागलं की आपल्याला वाटतं भाषा आली, आणि मग आपण समोरच्याचं बोलणं संपायची वाट बघत बसतो, कधी एकदा माझं पुढचं वाक्य म्हणतो असं होतं. मला तुला एवढंच सांगायचंय की ते ऐकणं नाहीये. बोलण्याचा सराव तुझा होतोच आहे, आता ऐकण्याचा कर.

आता बघ, टीचर एखाद्या आजीचा रोल करतोय. तू बाप्तिस्म्याबद्दल सुंदर बोललास, टोन, म्हणजे शब्दाचा अर्थ ठरवणारे आवाजाचे चढउतार, पण नीट आले, आणि आजी विचारते की आमच्या घरात नवऱ्याच्या आईवडिलांचं देवघर आहे, मी रोज उदबत्ती लावते, ते बंद करायचं का? आणि तू शब्द न कळल्यामुळे मान डोलावून पुढचा धडा सुरू करतोस. तिने आत्ता सगळ्यात महत्त्वाचं काहीतरी विचारलं होतं रे. या एका प्रश्नावर कॅथलिक चर्चचा केवढा इतिहास घडलाय. पोपनी १७१५ साली चिनी ख्रिश्चनांना पूर्वजांच्या विधींची बंदी केली, मग चीनच्या कांग्शी बादशहाने १७२१ साली मिशनऱ्यांच्या प्रचारावरच बंदी घातली, आणि रोमने विधींवरची आपली बंदी सैल केली तोपर्यंत १९३९ साल उजाडलं होतं. दोनशेहून जास्त वर्षं. आणि आपल्या चर्चमध्ये तर पूर्वजांना, घराण्याच्या नोंदींना केवढं महत्त्व, म्हणजे तुला त्या आजीशी मनापासून बोलण्यासारखं कितीतरी आहे, फक्त तिचा प्रश्न कळला पाहिजे.

म्हणून रोज एक कर. टीचर रोल-प्लेमध्ये जे विचारतो ते तसंच्या तसं वहीत उतरव, आणि उत्तर द्यायच्या आधी तोच प्रश्न तुझ्या शब्दात त्याला परत विचार, "तुम्ही असं म्हणताय का" एवढं मँडरिनमध्ये यायला वेळ लागत नाही. नाही कळलं तर हसून वेळ मारून नेऊ नकोस, परत सांगा म्हण, हळू सांगा म्हण. ही दोन वाक्यं साक्षीइतकीच पक्की पाहिजेत. लोकांना परत सांगायचा राग येत नाही, उलट हा मुलगा खरंच ऐकतोय असं वाटतं त्यांना.

उच्चारांचं टेन्शन तू विनाकारण घेतोयस, मराठी माणसाला तिथे बरंच आयतं मिळालंय. पिनयिनमधला, म्हणजे इंग्रजी अक्षरांत लिहिलेल्या मँडरिनमधला, बी म्हणजे आपला प, पी म्हणजे प मध्ये हवा सोडलेली, ओठ मिटून, इंग्रजी एफसारखा अजिबात नाही. डी म्हणजे त च्या जवळचा, टी म्हणजे थ च्या जवळचा. तुझ्या क्लासमधल्या अमेरिकन मुलांना हा फरक कानाला पटकन कळत नाही, तुला कळतो. चमच्यातला च आणि चिमणीतला च आपण लहानपणापासून वेगळा म्हणतो, तोच कान पिनयिनमधले झेड आणि जे वेगळे करायला लाव. श आणि ष मात्र आपण हल्ली एकच करून टाकलेत, तिथे मेहनत घे, एसएच म्हणताना जीभ मागे वळली पाहिजे.

टोनमध्ये एक गोष्ट कोणी आधी सांगत नाही. प्रश्न विचारताना आपण वाक्याचा शेवट वर नेतो, सवयच आहे ती, आणि मँडरिनमध्ये त्या सवयीने शेवटच्या शब्दाचा टोनच बदलतो. शेवटी 'मा' लावला की प्रश्न झाला, आवाज उचलायची गरज नाही. आणि सुटे शब्द घोकू नकोस, जोड्या घोक, कारण तिसऱ्या टोनमागे परत तिसराच टोन आला की त्यातला आधीचा बदलून दुसरा टोन होतो, 'नी हाव' मध्ये तू रोज तेच करतोयस. स्वतःचं रेकॉर्ड करून ऐक, ऐकवत नसलं तरी ऐक.

लिपीचं म्हणशील तर तैवानमध्ये जुनी पारंपरिक अक्षरं चालतात. तिथल्या लहान मुलांच्या पुस्तकात अक्षरांच्या बाजूला उच्चार दाखवणाऱ्या बोपोमोफो लिपीच्या खुणा असतात, एकूण ३७, त्या शिकून घे, इंग्रजी अक्षरांमुळे होणारा गोंधळ बराच कमी होतो.

आणि तैवानला गेल्यावर म्हाताऱ्या लोकांच्या घरात मँडरिन सोडून तैवानी भाषा ऐकू येईल तेव्हा घाबरू नकोस. जॉर्ज लेस्ली मॅके नावाचे कॅनडाचे मिशनरी १८७२ साली तैवानमधल्या तामसुईला आले, ते तैवानी बोलायला शिकले ते गुरं राखणाऱ्या पोरांकडून. रोज त्यांच्यात जाऊन बसायचे. आपल्याकडचं बघायचं तर इंग्रज मिशनरी फादर स्टीफन्स १५७९ ला गोव्याला आले आणि त्यांचं मराठी 'ख्रिस्तपुराण' छापलं गेलं १६१६ ला. तेव्हा तू अजून अगदी सुरुवातीला आहेस, एवढा हताश होऊ नकोस.

कम्पॅनियनबद्दल, म्हणजे तुझ्या जोडीच्या मिशनरीबद्दल, लिहिलंयस की तो पुढे गेलाय आणि सारखं त्याच्यासोबतच राहायचं असल्यामुळे ते जास्त खुपतं. साहजिक आहे, चोवीस तास तीच तुलना डोळ्यासमोर. त्याला सरळ सांग, मला ऐकायला त्रास होतोय, जेवताना माझ्याशी हळू मँडरिन बोल. त्यालाही कुठेतरी अडत असेलच, ते विचार.

सगळ्यांसोबतची प्रार्थना मँडरिनमध्ये कर, पण रात्री एकट्याने करतोस ती मराठीत केलीस तर मला तरी त्यात काही चूक वाटत नाही. दिवसभर तीन वर्षांच्या मुलासारखं बोलून माणूस आतून एकटा पडतो, कुठेतरी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. २०१९ पासून दर आठवड्याला घरी फोन करता येतो, त्याआधीच्या मुलांना वर्षातून दोनदाच मिळायचा. तेव्हा फोनवर आईला सगळं मस्त चाललंय एवढंच सांगून ठेवू नकोस, अवघड जातंय ते पण सांग.

पुढच्या पी-डेला, म्हणजे आठवड्याच्या मोकळ्या दिवशी, मला मेल करशील तेव्हा आठवड्यात तुला कोणी काय काय विचारलं ते लिहून पाठव. उत्तरं नकोत, फक्त प्रश्न. आपण मिळून बघू.

तुझा,
दादा