लिथियम-सल्फर बॅटरीच्या संशोधनात नवीन हाईस? मग वाच

भावा, लगेच कॅटॅलिस्ट बदलत बसू नको. सल्फरची 1675 मिलिअँपिअर-तास प्रति ग्रॅम थिअरीतली कपॅसिटी बघून मीपण खुळावलोतो. खरी गोची अशी की पॉलिसल्फाइड (सेल चालताना सल्फरपासून मधेच बनणारं संयुग) इलेक्ट्रोलाइटात, म्हणजे सेलमधल्या द्रावणात, विरघळून लिथियमच्या इलेक्ट्रोडकडं पळतंय, आणि नुसता कार्बन, मग तो आपल्या उसाच्या चिपाडाचा का असंना, त्याला नीट धरत नाही, म्हणून त्यात कोबाल्ट नायट्राइडसारखं कॅटॅलिस्ट थोडं घालायचं, ते पॉलिसल्फाइड धरतंय आणि लिथियम सल्फाइडात लवकर बदलतंय.

बाटलीतल्या पॉलिसल्फाइडच्या पिवळ्या द्रावणात पावडर टाकली नि रंग उतरला की पोरं पेढे वाटत्यात. अरे ते नुसतं चिकटणं झालं, बदलणं नव्हं! सिमेट्रिक सेल (दोन्ही बाजूला तेच इलेक्ट्रोड, मधे पॉलिसल्फाइड) लाव, कॅटॅलिस्टशिवायचा जोडीला ठेव, मग बोल.

सल्फर कार्बनमध्ये 155 डिग्रीला बंद भांड्यातच मुरव. लोडिंग, म्हणजे इलेक्ट्रोडच्या दर चौरस सेंटिमीटरवरचं सल्फर, 1 मिलिग्रॅमला सगळंच भारी दिसतंय, 5 वर ने आणि इलेक्ट्रोलाइट कमी करून बघ, तिथं कळतंय. इलेक्ट्रोलाइटात लिथियम नायट्रेट घालायला विसरू नको, ते लिथियमला पॉलिसल्फाइडपासून वाचवतंय.

आणि कोल्हापूरचा जुलै! मी इलेक्ट्रोड रात्रभर टेबलावर सोडले, सकाळी न वाळवता तसेच ग्लोव्हबॉक्समध्ये (सेल जुळवायच्या कोरड्या हवाबंद पेटीत) नेले, दहाच्या दहा सेल बाद. व्हॅक्यूम ओव्हनला कंटाळू नको बाबा.