कोरेगाव भीमा येथील जयस्तंभ केवळ महार सैनिकांचे स्मारक आहे का?

नाही, पेरणे फाट्याजवळचा हा स्तंभ १ जानेवारी १८१८ रोजी पेशव्यांच्या फौजेशी लढलेल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या संपूर्ण तुकडीचे स्मारक आहे. मात्र त्यातील महार सैनिकांचा वाटा इतका ठळक आहे की ते महारांचेच स्मारक म्हणून ओळखले जाणे स्वाभाविक आहे. कॅप्टन स्टाँटनच्या हाताखालील या तुकडीत मुंबई नेटिव्ह इन्फन्ट्रीच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी पलटण, जोडीला घोडदळ आणि मद्रासचे तोफखान्यातील गोलंदाज होते, आणि पलटणीत महारांप्रमाणेच मराठा, राजपूत व मुसलमान शिपाईही होते. स्तंभावर कोरलेल्या, लढाईत मारल्या गेलेल्या सैनिकांच्या ४९ नावांपैकी २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ हा प्रत्यय आहे. तो त्या काळी महारांच्या नावांना लागत असे. म्हणजे हा आकडा नावांच्या रूपावरून काढलेला आहे, जातीची नोंद स्तंभावर नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १ जानेवारी १९२७ रोजी येथे आले आणि स्मारकाचा आजचा अर्थ तेव्हापासून दृढ झाला. महार रेजिमेंटच्या सुरुवातीच्या बोधचिन्हावरही हाच स्तंभ होता.